काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्ये

भालकीकरकाकांनी आयुष्यातली पहिली गिटार घेतली ती व्हर्निअर लावून.

हैदराबादच्या सुलतान बाजारातलं वाद्यांचं दुकान होतं. मालक गिऱ्हाईक ओळखण्यात मुरलेला. त्याने काकांना एकदा खालीवर न्याहाळलं. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, पायात कारखान्यातून मिळालेले जाड काळे बूट. न विचारताच त्याने हार्मोनियम पुढे सरकवली. "गिटार," काका म्हणाले. मालकाने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि गिटारी खाली उतरल्या. मग काकांनी पिशवीतून रेक्झिनची डबी काढली, डबीतून पिवळं फडकं, आणि फडक्यातून केसाची जाडी मोजणारं व्हर्निअर कॅलिपर. एक गिटार काउंटरवर उताणी घातली, चष्मा कपाळावर चढवला आणि दांड्यावरच्या पट्ट्यांमधली अंतरं मोजायला सुरुवात केली.

"उरलेल्या तारेला अठरानं भागायचं," ते मला समजावू लागले. "अठराहून किंचित कमीनं. तेवढ्या अंतरावर पुढची पट्टी. बाराव्या पट्टीला तार बरोब्बर अर्धी. थिअरी आहे ही, जोशी."

मालकाला वाटलं, वजनमापं तपासणारे साहेब आले. त्याने घाईघाईने चहा आणि उस्मानिया बिस्किटं मागवली. काकांनी चहा घेतला, बिस्किटं घेतली आणि सात गिटारी नापास केल्या. शेवटी मालकाचा धीर सुटला. "साब, ये बाजा है. बजाने की चीज, नापने की नक्को!"

"पहले माप, फिर बाजा," काका शांतपणे म्हणाले. आठव्या गिटारीपाशी बराच वेळ गेला. मग त्यांनी व्हर्निअर फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाले, "टॉलरन्समधे आहे."

हे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं कौतुक. बरकतपुऱ्यात त्यांच्या घराच्या माडीवर मी भाडेकरू म्हणून राहात होतो, पुण्याहून बदली होऊन आलेला बँकेतला माणूस. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि हाच शेरा दिला. माझी बायको वर्षा दोन दिवस धुमसत होती. तिला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. एका सरकारी कारखान्यात काकांनी एकतीस वर्षं सुटे भाग तपासले होते. नकाशात दिलेल्या मापापेक्षा माल किती कमीजास्त चालेल त्याची एक मर्यादा असते, त्या मर्यादेत बसलेला भाग पास. त्यापलीकडे देवाने घडवलेली वस्तूसुद्धा रिजेक्ट. कारखान्यात त्यांना चेकर साब म्हणत. घरी ते पापडाचा घेर तपासत, लग्नात बुंदीच्या लाडवांच्या आकारावरून आचाऱ्याशी वाद घालत, आणि माझ्या दाढीची डावी बाजू उजवीपेक्षा खाली उतरते हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

मग उदारीकरण आलं. बाहेरून स्वस्त माल यायला लागला, आणि कारखान्याने पन्नाशीपुढच्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. तिच्यात स्वेच्छा नेमकी कोणाची होती, ते कोणाला कळलं नाही. काकांच्या बरोबरीचा एक चेकर एसटीडी बूथमध्ये बसू लागला, दुसरा नुसताच घरी बसला आणि सहा महिन्यांत गेला. काकांची मशिनं भंगारात निघाली तेव्हा ते गेटपर्यंत जाऊन पाहून आले.

पण त्यांनी गिटार घेतली त्या दिवशी मी त्यांच्यावर मनातून चिडलेलो होतो. त्याचं कारण काकू.

भालकीकरांच्या घरात मूलबाळ नव्हतं, पण गाणं होतं. सुमनकाकू गल्लीतल्या दत्ताच्या देवळात बायकांच्या भजनी मंडळात वीस वर्षं पुढे बसून म्हणायच्या. शिकलेल्या नव्हत्या. आवाज मात्र असा, की गुरुवारी संध्याकाळी समोरचा इराणी हॉटेलवाला रेडिओ बारीक करायचा. माझी बदली झाली तेव्हा पहिले चार महिने मला हैदराबादचं काहीही आवडलं नव्हतं. पाणी नाही, भाषा कळत नाही, बँकेत नवे संगणक आलेले आणि ते कोणालाच चालवता येत नाहीत. खालून काकूंचं गाणं यायचं म्हणून मी तिथे टिकलो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मग काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. धोका टळला म्हणाले. आवाज परत आला, पण खाली उतरून, खरखरीत होऊन, आणि वर चढायला नाराज. तरी त्या महिन्याभराने मंडळात गेल्या. पेटीवर शकुंतलाबाई होत्या. त्यांना काळी चार सोडून दुसरी पट्टी वाजवता येत नसे, वीस वर्षं गरजच पडली नव्हती. त्यांनी काळी चारमध्ये सूर धरला. काकूंनी तोंड उघडलं आणि आवाज तिथपर्यंत पोचलाच नाही. बायका थांबल्या. कोणी वाईट बोललं नाही. "होतं हळूहळू" असं सगळ्यांनी म्हटलं. काकू उठून चपला घालून घरी आल्या आणि पुन्हा मंडळात गेल्या नाहीत. घरातही त्यांनी गुणगुणणं सोडलं. स्वयंपाकघरातून फक्त भांड्यांचे आवाज यायला लागले.

आणि बायकोचं गाणं गेलं त्याच्या पुढच्या आठवड्यात हा गृहस्थ स्वतःसाठी गिटार घेऊन येतो! त्याहून वाईट म्हणजे, कॉलेजात मी चार कॉर्ड वाजवत होतो या एका पापासाठी मला बरोबर नेतो. मी ठरवलं, या माणसाच्या छातीत काळजाच्या जागी मापाचं गेज बसवलेलं आहे.

पुढे सुरू झाली ती थिअरी. काकांना गाणं वाजवायचंच नव्हतं. मी म्हणायचो, "काका, एखादं सोपं गाणं घ्या, बोटं बसतील." ते म्हणायचे, "आधी थिअरी." दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांनी आलेखाचा भलामोठा कागद चिकटवला. गिटारीच्या सहा तारा, बारा घरं, प्रत्येक घरात सूर, आणि प्रत्येक सुराखाली कंपनांचा आकडा, दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत. त्यांच्याकडे चहाला गेलं की कपबशीबरोबर थिअरी मिळायची.

"जोशी, या वाद्यात खरे सूर किती?"

"बारा."

"एक. खालचा सा आणि वरचा सा, दोन्ही मिळून एकच. बाकीचे सगळे खोटं बोलायलेत. गंधार चढा आहे, पंचम केसभर उतरा. मोजून बघा. सगळे शुद्ध ठेवले तर एका पट्टीत अमृत आणि पट्टी बदलली की भेसूर. म्हणून कोणा शहाण्यानं काय केलं? सगळी चूक गोळा केली आणि बारांना सारखी वाटून दिली. आता कुठल्याही पट्टीत जा, थोडं खोटं, पण चालतं."

"म्हणजे रेशनच की."

"हौ, रेशनच. पण उपाशी कोणी नाही राहत." आणि मग थोडं थांबून, "एकतीस वर्षं मी चूक पकडली. वाटून घेता येते हे कोणी सांगितलंच नाही."

हात वळवायला त्यांनी जामबागमध्ये यूसुफभाईंची शिकवणी लावली. यूसुफभाई लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. आता एकच माणूस इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड घेऊन येतो आणि ढोलकीपासून सनईपर्यंत सगळं काढतो, म्हणून त्यांची लग्नं गेली होती. "एक पेटी आई साब, छे आदमी घर बैठ गए," ते म्हणत. त्यांच्याकडे येणारी बाकीची पोरं सकाळी कॉम्प्युटर क्लासला आणि संध्याकाळी गिटारला जाणारी. त्यांच्यात हे बूट घातलेले छप्पन वर्षांचे चेकर साब, वहीत बोटांचे कोन लिहून घेणारे. एका बोटाने सहाही तारा एकदम दाबायच्या असतात, तिथे त्यांचं संधिवाताचं बोट अडायचं. "उंगली को लोहा समझो," यूसुफभाई सांगत. काका म्हणत, "लोहा होता तो घिस के माप में लाता." पण सोडलं नाही. बोटांना घट्टे पडले. दर रविवारी ते व्हर्निअरने घट्ट्यांची जाडी मोजत, आणि ती वाढली की मला हाक मारून दाखवत.

दुसऱ्या वर्षी यूसुफभाईंनी विचारलं, आता कुठली स्टाइल घ्यायची? स्पॅनिश शिकायची, मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती हवाईयन, की लग्नातली ठोकाठोकी? काका म्हणाले, "पीछे बजाने की."

"मतलब रिदम?"

"गानेवाला भूल जाना, के कोई बजा रहा. वैसा होना."

यूसुफभाईंनी मला हे नंतर सांगितलं. म्हणाले, तीस वर्षांत ही स्टाइल कोणी मागितली नव्हती, सगळ्यांना पुढे उभं राहून वाजवायचं असतं. मी हसलो. मला त्यात चेकर साबांचा आणखी एक विक्षिप्तपणा दिसला, बाकी काही नाही.

विक्षिप्तपणाला तोटा नव्हताच. त्यातले दोन मला असह्य व्हायचे. पहिला म्हणजे काकांची गिटार कायम सैल. एकटीच वाजली तर ठीक, पण दुसऱ्या वाद्याशेजारी आणली की अंगावर काटा. यूसुफभाई ती लावून द्यायचे, मी लावून द्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी सहाही तारा पुन्हा तेवढ्याच उतरलेल्या. केसाच्या जाडीची चूक पकडणारा माणूस, याला एवढं कळू नये? "चेकर साब के कान गए," यूसुफभाईंनी निदान केलं. दुसरा विक्षिप्तपणा त्याहून वाईट. काकू कोणाशीही बोलायला लागल्या, की आतून गिटारीची एक तार वाजायची. भाजीवालीशी बोलताहेत, टुंग. फोनवर बहिणीशी बोलताहेत, टुंग, टुंग. वर्षा म्हणायची, "बोलू तरी द्या बिचारीला. गाणं गेलं, आता बोलण्यावरसुद्धा वाजवतात." काकू मात्र एका शब्दाने तक्रार करायच्या नाहीत.

एका रविवारी सकाळी काकू अंगणात उभ्या राहून वर्षाला मुलीच्या खोकल्यावर काढा सांगत होत्या. आवाज आणखी बसल्यासारखा वाटत होता. आतून टुंग. माझं डोकं फिरलं. मी तडक आत गेलो. काका खिडकीखाली गिटार मांडीवर घेऊन, कान तारेला लावून बसले होते.

"काका, दोन वर्षं झाली या घरात काकू गात नाहीत. ऐकू येतं का तुम्हाला?"

त्यांनी गिटार बाजूला ठेवली. मला वाटलं होतं, भडकतील. ते म्हणाले, "हौ. येतं ऐकू." आणि कपाटातून एक जाड वही काढून माझ्या हातात दिली.

कारखान्यातली वही होती, जुन्या नोंदींची पानं फाडलेली. आत तारखेवार रकाने. पहिल्या रकान्यात काकू कोणाशी बोलल्या, दुसऱ्यात आवाज खाली कुठपर्यंत गेला, तिसऱ्यात वर कुठपर्यंत, सगळं गिटारीच्या तारेवर पडताळून. भाजीवालीशी घासाघीस. बहिणीशी फोन. माझ्यावर चिडली, साखर जास्त. जोशींच्या मुलीला खेळवताना, आणि पुढे, सर्वांत मोकळा आवाज. शिंक, धरायची नाही. रोज पहिली नोंद एकच, सकाळी सहा, दूधवाल्या मल्लेशला हाक, आणि दिवसातला सर्वांत उंच सूर त्याच नोंदीत. अशी दोन वर्षं. एकही दिवस गाळलेला नव्हता.

"तिचा सूर कुठल्या पट्टीत बसतो ते शोधायलो," काका म्हणाले. "कोणत्याच नाही. काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधे पडतो. पेटीला तिथं जागाच नाही, जोशी. दोन चाव्यांच्या मधे लाकूड आहे नुसतं. म्हणून गिटार. तारा सैल करून हिला मधे नेता येतं. मग तिला वर चढायला नको, साथच खाली येईल तिच्यापाशी."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"आणि चुकलं तर?" त्यांचा आवाज एकदम चढला. "देवळातून ती परत आली, तेव्हा दारात चपला काढताना तिचा चेहरा मी बघितलाय. दुसऱ्यांदा तसं व्हायला नको. आधी सगळं मापात बसू दे, मग सांगणार होतो."

मला माझी लाज वाटली. दोन वर्षं याच माणसाची चेष्टा मी बँकेत रंगवून सांगत होतो, लोक हसत होते, आणि मला स्वतःच्या विनोदाचं कौतुक वाटत होतं. मी काहीतरी पुटपुटलो. पण काकांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे एक आलेख होता, कारखान्यात भोकांच्या मापाचा काढतात तसा. रेघ पावणेदोन वर्षं जवळजवळ सरळ चालली होती. शेवटच्या तीन महिन्यांत ती खाली झुकत गेली होती.

"कापणारं हत्यार झिजायला लागलं ना," ते म्हणाले, "तर ते तुटायच्या आधी माप सरकतं. रोज थोडं, एकाच बाजूला. ऑपरेटरला पत्ता नसतो, चेकरला कळतं." त्यांचं बोट रेघेवरून खाली सरकलं. "तीन महिने मी तारा उतरवायलोय तिच्यामागं. आता यापुढं सैल केल्या तर वाजायच्या नाहीत. तुम्ही उद्या दवाखान्यात माझ्यासोबत या. मी बोललो तर डॉक्टरला वाटेल, म्हातारा सटकला."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि काकूंना घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता. मी चाचरत सगळं सांगितलं, आणि काकांनी वही टेबलावर ठेवली. तो हसेल अशी मला भीती होती. तो हसला नाही. त्याने आलेख पाहिला, मागची पानं चाळली, "हे कोणी काढलं?" असं विचारून पुन्हा पाहिला, आणि काकूंकडे वळला.

"जोरात बोलताना दुखतं का?"

"हौ," काकू म्हणाल्या.

"कधीपासून?"

"होतील सात-आठ महिने."

काका खुर्चीतच वळले. "मला बोलली नाहीस?"

"तुम्ही वाजवत होतात की," काकू म्हणाल्या.

तपासण्या झाल्या. आठवड्याने निकाल आला. गाठ परत आली होती आणि या वेळी स्वरयंत्रापर्यंत पोचली होती. आणखी थांबलो असतो तर हातातून गेली असती केस, असं डॉक्टर म्हणाला. आता जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. गाणंच नव्हे, बोलणंही जाणार होतं. काकांनी त्याला दोनदा विचारलं, "पूर्ण?" दोन्ही वेळा तो "पूर्ण" म्हणाला. येताना रिक्षात काकांनी वही मांडीवर उलटी धरली होती.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी काकांनी मला आणि वर्षाला खाली बोलावलं. काकूंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. दोन लुगडी, तांब्या, पोथी. काका गिटार घेऊन सतरंजीवर बसले, बूट काढून. मी त्यांना अनवाणी पहिल्यांदाच पाहिलं.

"अगं, जरा बस इथं," ते म्हणाले. "तुझ्या पट्टीत लावलीय."

काकू उभ्याच राहिल्या. "आता?"

"आता नाही तर कधी गं?"

त्या बसल्या. काकूंच्या आजोळचं दत्ताचं एक जुनं पद होतं, मंडळात त्या नेहमी शेवटी म्हणायच्या. काकांनी त्याची साथ सुरू केली. मी दोन वर्षांत त्यांच्याकडून एकही गाणं ऐकलं नव्हतं. वाजवणं साधंच होतं, चार कॉर्ड, पण इतकं सावध, की वाजतंय हे खरंच विसरायला होत होतं. काकूंनी डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. खरखरीत, हळू, पण सुरात. तो आवाज त्या तारांवर जाऊन असा बसला, की वर्षाने माझा हात घट्ट धरला.

दुसरी ओळ थोडी वर जाते. काकूंनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. त्यांनी तोंड मिटलं.

काका थांबले नाहीत. त्यांनी दुसरी ओळ वाजवली, मग तिसरी. तिच्यासाठी जिथे जागा सोडायची तिथे सोडत, जिथे श्वास घ्यायला थांबायचं तिथे थांबत, ते पद पुढे नेत राहिले. काकूंचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, मानेची हालचाल होती, मांडीवर हाताचा ठेका होता. चारही कडवी तशीच झाली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

पद संपलं. काकांनी पिवळ्या फडक्याने तारा पुसल्या. काकू म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्याला लय पळाली तुमची."

"हौ, पळाली," काका म्हणाले.

काकूंचे मी ऐकलेले शेवटचे शब्द ते.

ऑपरेशन झालं. काकू वाचल्या. गळ्याशी श्वासाचं भोक आणि त्यावर पांढरं फडकं घेऊन महिन्याने घरी आल्या. लिहायला शाळेतली पाटी आणली होती. एके दिवशी मी खाली भेटायला गेलो. काकू पलंगावर बसल्या होत्या, काका आत चहा करत होते. बोलणाऱ्या माणसासमोर मी कधी अडलो नाही, पण पाटीसमोर जीभ जड होते. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि काकांबद्दल दोन वर्षं मनात जे वाईट धरलं होतं त्याची भरपाई म्हणून, मी हळूच म्हणालो, "काकू, तेव्हा काका तुमच्या नकळत रोज..."

काकू हसल्या. हसण्याला आवाज नसतो तेव्हा नुसते खांदे हलतात. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "नकळत?"

त्यांनी तो शब्द बोटाने पुसला आणि खाली वाकून सावकाश लिहू लागल्या. अक्षर गोल, शाळेत घोटलेलं. "मल्लेश वीस वर्षं आपणहून येतो. त्याला हाक कशाला लागते?"

मी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. सकाळी सहा, रोजची पहिली नोंद, दिवसातला सर्वांत उंच सूर. आणि दवाखान्यात डॉक्टरला सांगितलेले ते सात-आठ महिने.

"दुखत होतं ना, काकू?" मी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग पाटी पुन्हा पुढे घेऊन लिहिलं, "हे खिडकीशी वही घेऊन बसायचे. रिकामी कशी ठेवू?"

आतून कपांचा आवाज आला. काकूंनी पदराने पाटी घाईघाईने पुसली, ओठांवर बोट ठेवलं आणि पाटी उशीखाली सरकवली. काका ट्रे घेऊन बाहेर आले. तीन कप सारखे भरलेले होते. मी चहा घेतला आणि पावसाबद्दल काहीतरी बोललो.